एच, ओ, ई, एम

साल्टर्बी,
रविवार, ९ ऑक्टोबर २००५

प्रिय क्लाइव्ह,

कसा आहेस? खोकला गेला का? मागच्या वेळी औषधाची बाटली तुझ्या दाराशी ठेवून आले होते, ती आत घेतलीस की अजून तिथेच पडलीये? तू दार उघडत नाहीस, मोबाइल बंद असतो, म्हणून लिहायला बसले. तुला वाचायचा त्रास नको म्हणून मोठ्या अक्षरात, सुटं सुटं लिहितेय. सोबत लोकरीचे मोजे आहेत. त्या कॅरव्हॅनच्या पत्र्यातून गारठा कसा आत येतो ते मला माहीत आहे. घाल, नुसते ठेवून देऊ नकोस.

इकडे बरं चाललंय. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण चालते. गेल्या रविवारी माझ्या केनच्या कबरीवर शेवंती ठेवून आले, आईबाबांच्याही. आईच्या दगडावर शेवाळ धरलंय. तू तारेच्या ब्रशने घासायचास तसं माझ्याच्याने निघत नाही.

दुकानाचं नाव काढलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. ‘बाबांच्या दुकानात परक्यांची चाकरी करतेस’ असं तू आईच्या दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालास. ते मी विसरलेले नाही, पण धरूनही बसलेले नाही. समुद्रात मासळी राहिली नाही, बोटी भंगारात गेल्या, बाबांचं दुकान जायचंच होतं. आर्लिंदो आणि ग्रासा पोर्तुगालहून इथे शेतावर कोबी कापायला आले आणि हळूहळू त्यांनी त्याच जागेत स्वतःची बेकरी उभी केली. सकाळी मी तिथे गल्ल्यावर उभी राहते, गरम पावाचा वास येतो, चार माणसांशी बोलणं होतं. केन गेल्यापासून घरात मला तेवढं कोण मिळतं?

तर त्या दुकानाचीच एक गंमत सांगायची होती.

मंगळवारी सकाळी गेले तर शटरवर हिरव्या रंगात हे एवढाले शब्द. ‘गो होम.’ आपल्या गावात असं काही होईल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात समोरून स्टॅन खाटीक आला, एप्रनला हात पुसत. कंबरेवर हात ठेवून त्याने वाचलं आणि एकदम हसत सुटला.

“मेव्हिस, अगं नीट बघ की! ‘होम’चं स्पेलिंग काय केलंय? एच, ओ, ई, एम! ज्याला स्वतःचं घर लिहिता येत नाही, तो दुसऱ्याला घरी पाठवतोय!”

आर्लिंदोला आधी कळेचना. मग तोही हसला. “मला वाटलं हे एखादं गाव आहे. होएम. म्हटलं, चला, जाऊन तर येऊ. हवा चांगली असेल.”

मग काय, दिवसभर तेच. पेपरवाल्याने फोटो काढून नेला, पहिल्या पानावर छापला. पबच्या मालकाने जाहीर केलं की जो कागदावर ‘होम’ बरोबर लिहून दाखवेल त्याला बिअर फुकट. आणि स्टॅनने तर कहर केला. दुकानाबाहेरच्या पाटीवर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘होएम-मेड सॉसेज’. लोक रांगा लावून घेऊन गेले. बाहेरगावचे लोक त्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात.

मी पण हसले. सगळेच हसत होते.

फक्त स्टॅनची आई हसली नाही. एल्सी काकूंचे पाय आता पार गेलेत. दुकानावरच्या खोलीतून त्या खाली उतरतच नाहीत, यंदा पाच नोव्हेंबरला सगळं गाव किनाऱ्यावर लाकडं पेटवतं त्या बॉनफायरलाही नाही येणार म्हणाल्या. मी त्यांना पाव द्यायला वर गेले. त्या खिडकीत बसून समोरच्या शटरकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “क्लाइव्ह कसा आहे गं?”

मी म्हटलं, बरा आहे.

हो, एक विचारायचं राहिलंच. शेजारची पॉलिन म्हणते, सोमवारी संध्याकाळी तुझी गाडी बंदराशी उभी होती. मी तिला म्हटलं, छे, गावात आला असता तर माझ्याकडे चहाला आल्याशिवाय गेला नसता. बरोबर ना? आणि केनच्या शेडमधून तू कॅरव्हॅनला द्यायला बोटीच्या रंगाचा डबा नेला होतास, तो लावलास का? पाऊस लागायच्या आत लाव. रंग कुठला होता ते मला आता आठवत नाही.

उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नकोस. फोन कर.

तुझी,
मेव्हिस


साल्टर्बी,
रविवार, २३ ऑक्टोबर

प्रिय क्लाइव्ह,

तुझा फोन आला, बरं वाटलं. आवाज फार खोल गेलाय तुझा. रस्त्यावरच्या बूथमधून बोलत होतास ना? मागे वारा ऐकू येत होता. मी खोकल्याचं विचारत होते आणि तू मधेच म्हणालास, “हसतात का गं अजून?” मी म्हटलं, कोण? तर म्हणालास, “सगळे. जास्त कोण हसतं?” मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. नाणी संपली असतील. मी नंतर कितीतरी वेळ रिसीव्हर हातात घेऊन बसले होते.

तू पेपर पाहिला असशील, असं मी स्वतःला सांगितलं.

घरची बातमी म्हणशील तर छपराचं एक कौल निसटलंय. पॉलिनला दुसरी नात झाली. मी स्वयंपाकघराला रंग द्यायचा विचार करतेय. म्हणून भिंतीवरची ती पाटी उतरवून ठेवलीय. तूच शाळेत सुतारकामाच्या तासाला केलेली. ‘होम स्वीट होम’ कोरायला सांगितलं होतं आणि तू दोन्हीकडे ई आधी घातलास, एम नंतर. मास्तरांनी ती वर्गभर फिरवली होती. तू घरी आणून कोळशाच्या बादलीत टाकलीस, तर आईने ती काढली, पुसली आणि चुलीवरच्या भिंतीवर लावली. “आपलं हे असंच आहे,” म्हणाली, “होएम. जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.” बोटीवर गेलास तरी तू तेच लिहायचास. ‘शुक्रवारी होएम येतो.’ नंतर कोणी सुधारून सांगितलं असेल म्हणून मी तुला कधी विचारलं नाही.

पाटीच्या जागी भिंतीवर उजळ चौकोन उमटलाय. त्यावर कॅलेंडर लावलं, तरी कडा दिसतात.

पिकर्सगिल सर वारले. कळलं का तुला? वृद्धाश्रमात होते. पेपरात छोटासा फोटो होता, त्यातही चष्म्यावरून बघतायत. तुझी वही फळ्याला टाचून वर्गाला मोठ्याने वाचायला लावायचे, तेच. त्यांच्या बागेतली ती शेड आठवते तुला? जाऊ दे. मेलेल्या माणसाबद्दल कशाला.

गुरुवारी पुन्हा झालं, क्लाइव्ह. या वेळी बेकरीच्या बाजूच्या भिंतीवर. तोच हिरवा रंग. ‘पाच तारीख’ आणि खाली ‘बॉनफायर’. त्यातल्या ‘फायर’चं पण तसंच. एफ, आय, ई, आर.

स्टॅनला तर पर्वणीच. “पाच तारखेला बॉनफायर असतो हे सांगायला भिंत कशाला खराब करायची? पोरंसुद्धा लाकडं मागत फिरतायत!” कॉन्स्टेबल आला. तो म्हणाला शाळेत नापास होणारं कुठलंतरी कार्टं असणार. आर्लिंदो म्हणाला, “साहेब, पण ही धमकी आहे ना?” तर कॉन्स्टेबल म्हणतो, “अहो, ज्याला आग लिहिता येत नाही तो आग लावणार कशी?” जमलेली सगळी माणसं हसली. स्टॅन तर एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असेल.

मी नाही हसले या वेळी.

ग्रासाही नाही. ती भिंत घासायला टर्पेंटाईनची बाटली घेऊन आली होती. तिने आधी बोटाने एकेक अक्षर वाचलं. तिचं इंग्रजी अजून कच्चंच आहे, ती तसंच वाचते. ‘फायर’च्या शेवटच्या दोन अक्षरांवर तिचं बोट थांबलं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

ईस्टरला ती आणि तिची पोरगी इनेश माझ्याकडे जेवायला आल्या होत्या. मला ती आदराने ‘दोना’ म्हणते, म्हणजे बाई. तेव्हा तिने पाटीकडे बोट दाखवून विचारलं होतं, “दोना मेव्हिस, हा शब्द मला का येत नाही?” आणि मी हसत हसत तिला सगळी गोष्ट सांगितली होती. तुझी, आईची, सगळी.

ती वळून भिंत घासत राहिली. दुपारी निघताना रोजच्यासारखा पाव कागदात गुंडाळून हातात दिला. हात मात्र लगेच काढून घेतला.

क्लाइव्ह, तू एकदा ये. काही विचारणार नाही मी. जेवू, तुला आवडतो तसा वाटाण्याचा दाट रस्सा करीन, आणि तू इथेच राहा चार दिवस. पाच तारीख होऊन जाऊ दे.

तुझीच,
मेव्हिस


तुझ्या दारात,
गुरुवार, ३ नोव्हेंबर

क्लाइव्ह,

मी तुझ्या पायरीवर बसून लिहितेय. बसने आले. दोनदा हाका मारल्या, खिडकीवर टकटक केली. तू आत नाहीस, गाडीही नाही. पायरीखाली हिरव्या रंगाचा डबा आहे, झाकणावर रंग सुकलाय. कॅरव्हॅनला तर कुठेच हिरवा रंग नाही. मागच्या बाजूला रॉकेलचा कॅन आहे, नवा कोरा, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. तुझ्याकडे तर गॅसचा हीटर आहे.

आता मी कौलाचं आणि पॉलिनच्या नातीचं लिहीत नाही.

ते तू लिहिलंस. मला पहिल्या सकाळीच कळलं होतं. शटरसमोर उभी राहून मी हसले, कारण हसले नसते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

काल ग्रासाने दुकान बंद केल्यावर मला थांबवलं. इनेशला वर पाठवलं, खुर्ची पुढे केली.

“तुझा भाऊ?” तिने विचारलं.

“हो.”

“तो आम्हाला ओळखतो?”

“नाही.”

“मग?”

मी तिला काय सांगणार होते? हे आमच्या वडिलांचं दुकान होतं. तुझी बोट गेली, मग भाज्या पॅक करायच्या कारखान्यातलं कामही गेलं, आणि तुझ्या जागी जे आले ते हिच्या भाषेत बोलत होते. तू दुपारी बंदरावर गाडी लावून रिकाम्या धक्क्याकडे बघत बसतोस. हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“वाईट वाटतं,” ती म्हणाली. “पण माझी मुलगी वर झोपते, मेव्हिस.”

दोना म्हणाली नाही या वेळी.

मी ग्रासाला म्हटलं, शनिवारी पीटरबरोला तुझ्या बहिणीकडे जा. तर आर्लिंदो आतून आला, हात पिठाने भरलेले. “एकदा घर सोडून आलो. आता पुन्हा नाही सोडणार.” एवढंच बोलून परत आत गेला.

तू अकरा वर्षांचा होतास. पिकर्सगिल सरांनी तुझी वही फळ्याला टाचली आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्यांची शेड जळून खाक झाली. आत त्यांची मधमाश्यांची पेटी होती. आईने तुझे कपडे दोनदा धुतले, तरी धुराचा वास गेला नाही. मग तिने ते जाळून टाकले. घरात कोणी एक शब्द बोललं नाही. तू जेवलास आणि झोपायला गेलास. मी दारातून बघत होते. तुझा चेहरा इतका शांत होता की मी घाबरून आईजवळ जाऊन झोपले, एवढी घोडी झालेली असून.

तोच चेहरा त्या दिवशी फोनवर मला ऐकू आला.

आता नीट वाच. वाचवत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घे, पण हे एवढं वाच. शनिवारी दुपारी बारा वाजता माझ्याकडे जेवायला ये. तू आलास तर आपण दोघं मिळून ग्रासाकडे जाऊ आणि जे होईल ते होईल. नाही आलास, तर मी पोलिसांकडे जाईन आणि तुझं नाव सांगेन. आणि संध्याकाळी मी बेकरीच्या वरच्या मजल्यावर असेन. ग्रासाच्या आणि पोरीच्या शेजारी. तुला तिथे काही करायचं असेल तर तुझी बहीण वर आहे हे माहीत असू दे.

हे दाराखालून आत सरकवतेय. रॉकेलचा कॅन बरोबर नेते आहे. जड आहे, पण नेईन.

मेव्हिस


साल्टर्बी,
रविवार, २० नोव्हेंबर

प्रिय क्लाइव्ह,

हे पत्र तुला तुरुंगातले पाद्री, रेव्हरंड टिंडल, वाचून दाखवतील. मी साक्षीदार आहे, त्यामुळे मला तुला भेटता येत नाही. त्यांनी खटपट करून एका पत्राची परवानगी काढली. एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना तुला अवघड वाटेल, मलाही ते वाचणार म्हणून लिहिताना वाटतंय. पण दुसरा मार्ग नाही. पोलिसांनी मला तुझ्या कॅरव्हॅनमधली माझी तिन्ही पत्रं दाखवली. एकही फोडलेलं नव्हतं. मोज्यांचं पुडकंही तसंच होतं, त्याच दोऱ्याने बांधलेलं.

म्हणजे तुला काहीच माहीत नव्हतं. म्हणून आधीपासून सांगते.

शनिवारी बारा वाजता मी दोन ताटं मांडली. एक वाजला तेव्हा रस्सा पातेल्यात तसाच ठेवून मी पोलिसांकडे गेले आणि तुझं नाव सांगितलं. पाटीही नेली होती. कॉन्स्टेबलने ती टेबलावर ठेवून वाचली आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. तुला शोधायला त्यांनी गाडी पाठवली, तू कॅरव्हॅनवर नव्हतास. मग दोन पोलीस बेकरीच्या मागच्या अंगणात बसवले, एक पुढे. आर्लिंदोने खाली पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. मी, ग्रासा आणि इनेश वर बसलो. दिवा लावला नाही.

सगळं गाव किनाऱ्यावर होतं. तिथे लाकडांचा ढीग पेटला होता, बुजगावणं जळत होतं, स्टॅन सॉसेज विकत होता. रॉकेटं फुटत होती. प्रत्येक आवाजाला इनेश दचकायची. धुराचा वास खिडकीतून आत येत होता, पण त्या संध्याकाळी धुराचा वास कुठे नसतो? मी अंगणाकडे कान लावून बसले होते. एकदा मनात आलं, तू आलास आणि मी वरून हाक मारली तर तू वर बघशील का.

मग मला समोरच्या काचेत लाल उजेड हलताना दिसला. मी म्हटलं, किनाऱ्यावरचा बॉनफायर किती मोठा झालाय, इथपर्यंत उजेड येतोय.

ग्रासा उठून खिडकीशी गेली. “मेव्हिस,” ती म्हणाली, “समुद्र त्या बाजूला नाही.”

स्टॅनचं दुकान पेटलं होतं. मागच्या दाराने, चरबीच्या पिंपांपाशी.

आम्ही सगळे चुकीच्या घराची राखण करत बसलो होतो, क्लाइव्ह. तू फोनवर मला विचारलं होतंस, जास्त कोण हसतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुला परक्यांचा राग होता, पण परकी माणसं तुझ्यावर हसली नव्हती. पिकर्सगिल सरांच्या वेळीही तू शाळा जाळली नव्हतीस.

आर्लिंदो एका उडीत रस्त्यापलीकडे गेला. पोलीस ओरडत होते, थांब, थांब. त्याने पिठाचं पोतं बादलीत बुडवून डोक्यावर घेतलं आणि लाथ मारून पुढचं दार तोडलं. कारण एल्सी काकू वर होत्या. त्यांचे पाय गेलेत, त्या खाली उतरत नाहीत, यंदा बॉनफायरला येणार नाहीत, हे सगळं मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तुझ्या वकिलाने मला सांगितलं, तुला वाटलं होतं दुकानात कोणी नसेल. माझा त्यावर विश्वास आहे. मी कोर्टात तेही सांगेन.

त्याने त्यांना पाठीवर टाकून बाहेर आणलं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. डॉक्टर म्हणतात बोटं वाचतील, पण पीठ मळता येईल की नाही ते आता सांगता येत नाही. सध्या ग्रासा मळते. मी सकाळी लवकर जाऊन तिला मदत करते. ती बोलते माझ्याशी, पण कामापुरतं. मी जाणं थांबवलं तर बरं होईल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “उद्या ये.” एवढंच.

तू पळाला नाहीस म्हणे. गल्लीच्या तोंडाशी कोटाच्या खिशात हात घालून उभा होतास, आणि काकूंना बाहेर आणताना पाहिलंस तेव्हा रस्त्यात मटकन खाली बसलास. कॉन्स्टेबल म्हणाला, तुला उचलून गाडीत घालावं लागलं.

स्टॅन गेल्या आठवड्यात माझ्या दारात आला होता. मला वाटलं मारायलाच आलाय. दाढी वाढलेली, अंगावर कोणाचा तरी मागून घेतलेला कोट. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, “मला ठाऊक नव्हतं गं तो आहे म्हणून. मी तर नुसती थट्टा करत होतो.” मी त्याला आत ये म्हटलं. तो आला नाही. पुन्हा तेच म्हणाला आणि गेला. मला त्याला दोष देता येत नाही आणि त्याची समजूतही घालता येत नाही.

तुझ्या वकिलाने मला आणखी एक विचारलं. त्या पहिल्या सोमवारी, शटरवर लिहिलं गेलं तेव्हा, तू संध्याकाळभर माझ्याकडे होतास असं मी म्हणेन का. म्हणजे निदान शटरचं तरी तुझ्यावर येणार नाही. भला माणूस आहे, तुझ्यासाठीच विचारत होता. मी नाही म्हटलं. तुला राग येईल. येऊ दे. तू माझ्यावर रागावलेला असलास की मला निदान सवय आहे.

तुला लहानपणी कोणी हसलं की मी शाळेच्या मैदानात जाऊन भांडायचे, आठवतं? एकदा एकीच्या झिंज्या उपटल्या होत्या. तेव्हा वाटायचं, एवढं केलं की झालं. घरी येऊन तुला शब्द पाठ करायला बसवायचे. एच, ओ, एम, ई. तू दहा वेळा बरोबर म्हणायचास आणि अकराव्या वेळी पेन्सिल हातात घेतलीस की पुन्हा तेच. तू रडायचास. मी तुला म्हणायचे, अरे, एवढंसं तर चुकलंय, त्यात काय.

रेव्हरंड, इथे जरा थांबा. त्याला विचारा, ऐकतोयस ना. त्याने मान हलवली की मगच पुढचं वाचा, आणि सावकाश वाचा. हे त्याला पोलिसांच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून मी हे पत्र लिहिलं.

क्लाइव्ह, एल्सी काकू शुक्रवारी सकाळी गेल्या. धूर छातीत फार गेला होता. स्टॅन एका बाजूला बसला होता, मी दुसऱ्या. आदल्या दिवशी त्या थोडा वेळ शुद्धीवर होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “मेव्हिस, आग कशाने लागली गं?” त्यांच्या डोळ्यांवरून मला वाटलं, त्यांना ठाऊक असावं, आणि मी काय सांगते ते त्या बघत असाव्यात.

मी सांगितलं, एक रॉकेट भरकटून येऊन पडलं.

त्यांनी माझा हात थोपटला आणि डोळे मिटले.

त्यांच्याशी मी खोटं बोलले. कोर्टात बोलणार नाही.

तुझी थोरली बहीण,
मेव्हिस